महिन्याभराच्या कोर्सात जर्मन येते का?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, एक प्रश्न हमखास विचारतात : ‘तिकडं गेल्यावर विद्यापीठाचाच महिन्याचा कोर्स असतोय म्हणे. तेवढ्यात भाषा येईल की?’ उचगावात हा प्रश्न निघणं साहजिकच आहे. एका अंगाला शिरोलीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगावची. गल्लीतली दोन-चार घरं तरी फाउंड्रीशी नाहीतर मशिनशॉपशी जोडलेली असतात. ओतकामातल्या माणसांना ड्युसेलडॉर्फ हे गाव ‘जिफा’ या प्रदर्शनामुळे माहीत असतं. आखनला आणि फ्रायबेर्गच्या खाणविद्यापीठात ओतकामाच्या स्वतंत्र संस्थाच आहेत. त्यामुळे इथल्या मुलाला जर्मनीत जाऊन शिकावंसं वाटलं तर त्यात नवल काही नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशातून तिथं आलेल्यांमध्ये सगळ्यांत मोठा गट आपलाच होता.

प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. शून्यातून निघालात, तर महिन्याच्या कोर्सात भाषा येत नाही. पदरात थोडी भाषा बांधून गेलात, तर तोच महिना इथल्या सहा महिन्यांच्या शिकवणीपेक्षा जास्त देऊन जातो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

हिशोब आधी मांडू

युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात : ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए१ गाठायला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. ए२ साठी सुरुवातीपासून धरून २०० ते ३५०, बी१ साठी ३५० ते ६५० आणि बी२ साठी ६०० ते ८०० तासिका. आता महिन्याच्या कोर्सात मिळतं काय ते बघा. आठवड्याला साधारण २५ तासिका धरल्या, तर चार आठवड्यांच्या होतात शंभर. म्हणजे पाटी कोरी घेऊन गेलेल्याचा ए१ सुद्धा धडपणे पुरा होईल याची खात्री नाही. तेवढं तर कोल्हापुरात राहून, घरचं जेवण जेवून, फार कमी खर्चात होतं. विमानाचं तिकीट काढून, परक्या गावात भाडं भरून ‘माझं नाव अमुक, मी भारतातून आलो’ एवढंच शिकायचं, याला मी पैशाची नासाडी म्हणतो.

हाच महिना ए२ च्या शेवटाला किंवा बी१ च्या मध्यावर असलेल्या मुलाला मिळाला, तर चित्र पालटतं. त्याच्याकडे शब्द असतात, व्याकरणाचा सांगाडा असतो, फक्त तोंड उघडत नसतं. सकाळी वर्गात शिकलेलं वाक्य दुपारी बेकरीत वापरायचं, संध्याकाळी तेच बसच्या खांबावर लिहिलेलं दिसायचं. हे इथं कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

कोर्स दोन जातींचे

पहिला प्रकार उन्हाळी कोर्सांचा. जुलै ते सप्टेंबर या काळात जर्मन विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांसाठी तीन-चार आठवड्यांचे वर्ग भरवतात. हायडेलबेर्ग विद्यापीठाचा ऑगस्टमधला कोर्स फार जुना आणि नावाजलेला आहे. म्युनिक, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन, येना, लाइपझिश या गावांतही असे वर्ग असतात. इथल्या कॉलेजात शिकता शिकताच या कोर्साला जाता येतं, तिथल्या विद्यापीठात प्रवेश घेतलेला असायची अट नसते.

दुसरा प्रकार सत्रापूर्वीच्या तयारीच्या कोर्सांचा. तिथं पदवी किंवा पदव्युत्तर प्रवेश मिळालेल्यांसाठी, किंवा देवाणघेवाणीच्या सत्रासाठी आलेल्यांसाठी, सत्र सुरू व्हायच्या आधी हा कोर्स असतो. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि प्रत्यक्ष तास ऑक्टोबरच्या मध्याला. त्यामुळे तयारीचा कोर्स बहुधा सप्टेंबरात येतो. उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांचं सत्र मात्र महिनाभर आधी लागतं आणि त्यांचे कोर्सही तेवढेच आधी असतात. आपली बरीच मुलं नेमकी याच विद्यापीठांत जातात, तेव्हा तारीख आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच बघा. मित्राच्या विद्यापीठाची तारीख तुमच्या उपयोगाची नाही.

या दुसऱ्या प्रकाराकडे आपल्या मुलांचं फार दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं. ‘माझा मास्टर्स इंग्रजीतूनच आहे’ म्हणून कोर्स सोडून देतात, व्हिसा ऑक्टोबरचा घेतात आणि तास सुरू झाल्यावर धावतपळत पोचतात. वर्ग इंग्रजीत असतो हे खरं, पण वर्गाबाहेरचं जग जर्मनच असतं. खोली घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, तो अर्ज जर्मनमध्ये. आरोग्यविम्याचं पत्र जर्मनमध्ये. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, दर घरामागे महिना १८.३६ युरोचं, तेही जर्मनमध्ये. एका घरात तिघं राहत असतील तर ती वर्गणी एकदाच भरायची असते. पण पत्र वाचता आलं नाही, तर तिघेही वेगवेगळी भरत बसतात. पुढं अर्धवेळ नोकरी शोधताना तर भाषेचा प्रश्न थेट खिशाशी येतो. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्यात कारखान्यातलं, आपल्या विषयाचं काम हवं असेल, तर बी१-बी२ नसलेल्याला फार कमी दारं उघडी असतात.

इथून निघण्याआधी

उचगावच्या मुलाला घराजवळ काय मिळतं? विद्यानगरला शिवाजी विद्यापीठात विदेशी भाषा विभाग आहे, तिथं जर्मन शिकवली जाते. सरनोबतवाडीच्या बाजूनं गेलं तर उचगावहून विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. दिवसभर कॉलेज किंवा कारखाना असेल, तर गोएथे इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आपल्या तोंडी असलेल्या मॅक्सम्युलर भवनाचे, ऑनलाइन वर्ग आहेत. परीक्षेला पुण्याला जावं लागतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटही पिढ्यान्पिढ्या परदेशी भाषा शिकवते आहे.

पैसे अजिबात नसतील तरी अडायचं कारण नाही. डॉइचं वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा कोर्स ए१ पासून बी१ पर्यंत पूर्ण मोफत आहे. निको नावाच्या तरुणाची ती गोष्ट आहे, भाग छोटे-छोटे आहेत. तिथल्या लोकशिक्षण केंद्रांच्या संघाचं शिकवणीचं पोर्टलही मोफत आहे. मात्र एक गोष्ट मोबाइलवर मिळत नाही, ती म्हणजे चूक दाखवणारा माणूस. म्हणून आठवड्यातून दोनदा का होईना, शिक्षकासमोर बसा.

मराठी माणसाला जर्मन शिकताना काही गोष्टी आयत्याच मिळालेल्या असतात. त्या कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. इंग्रजीतून जर्मन शिकवणारी पुस्तकं सुरुवातीलाच घाबरवतात : या भाषेत तीन लिंगं आहेत! आपल्याला त्यात नवीन काय? तो, ती, ते आपण जन्मापासून वापरतो. टेबल ‘ते’ का आणि खुर्ची ‘ती’ का, असं आपण कधी विचारलं नाही, तसंच जर्मनमध्येही विचारायचं नाही. शब्द लिंगासकट पाठ करायचा. फक्त आपलं लिंग तिथं लावू नका. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, पण सूर्य जर्मनमध्ये बाई आहे. विभक्तीचंही तसंच. ‘मला’, ‘माझा’, ‘त्याला’ म्हणताना शब्दाचं रूप बदलतं हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे, त्यामुळे जर्मनच्या चार विभक्ती हे मोठं संकट नाही.

क्रियापद शेवटी जाण्याचा नियमही इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकाला विचित्र वाटतो. ‘कारण मला ताप आहे’ हे जर्मनमध्ये ‘वाइल इश फीबर हाबं’. ‘आहे’चं काम करणारा शब्द शेवटी, आपल्यासारखाच. आकडे घ्या. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. जर्मन माणूसही पाच आणि वीस असंच म्हणतो. इंग्रजीतून विचार करणारा मुलगा फोन नंबर लिहिताना इथं अडखळतो, मराठीतून विचार करणाऱ्यानं अडखळू नये. उच्चारातही एक फायदा आहे. जर्मनमध्ये इंग्रजी ‘झेड’ अक्षराचा उच्चार ‘चाक’ आणि ‘चोर’मधल्या ‘च’सारखा होतो, ‘चहा’तल्यासारखा नाही. हा ध्वनी आपल्या तोंडात आहे. दोन टिंबांचा ‘उ’ मात्र नवा आहे. ओठ ‘ऊ’ म्हणायला गोल करा आणि आतून ‘ई’ म्हणा. आरशासमोर आठवडाभर केलं की जमतं.

म्हणून माझा आग्रह असा की जर्मन मराठीतून शिका. वहीत जर्मन शब्दासमोर मराठी अर्थ लिहा. मराठी ते इंग्रजी आणि इंग्रजी ते जर्मन असा दोनदा वळसा घेण्याची गरज नाही.

पहिल्या दिवशीची परीक्षा

कोर्साच्या सुरुवातीला, किंवा त्याआधीच ऑनलाइन, पातळी ठरवणारी चाचणी होते. तिच्यावरून तुमचा वर्ग ठरतो. बऱ्याच ठिकाणी ती ‘सी-टेस्ट’ या पद्धतीची असते आणि पहिल्यांदा बघणारा गांगरतो. एक छोटा उतारा असतो. पहिलं वाक्य पूर्ण, पुढं मात्र प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग गायब. मराठीत करून बघा : ‘मी उ… सकाळी ब… कोल्हापूरला जा…’ तुम्ही क्षणात ‘उद्या’, ‘बसने’, ‘जाणार’ म्हणालात. जर्मनमध्ये तेच करायचं. फक्त शब्द आठवून भागत नाही, शेवटचा प्रत्यय बरोबर आला पाहिजे. लिंग, विभक्ती, क्रियापदाचं रूप, सगळं त्या अर्ध्या शब्दात तपासलं जातं. ‘ऑनसेट’ या चाचणीत असे ८ उतारे आणि प्रत्येकात २० गाळलेल्या जागा असतात, एका उताऱ्याला ५ मिनिटं.

सराव घरी करता येतो. पुस्तकातला वाचलेला परिच्छेद घ्या, पेन्सिलनं दर दुसऱ्या शब्दाचा शेवट खोडा, दोन दिवसांनी भरा. कुठं चुकता ते वहीत उतरवा. एक कळकळीची विनंती : ही चाचणी मित्राला शेजारी बसवून किंवा मोबाइलच्या मदतीनं सोडवू नका. मार्क वाढतील आणि तुम्ही वरच्या वर्गात जाऊन बसाल, जिथं चार आठवडे काहीच कळणार नाही. ती प्रवेशपरीक्षा नाही, तुमच्या मापाचा वर्ग शोधायची चाचणी आहे.

ते चार आठवडे

सकाळी चार-पाच तासिका, दुपारी गृहपाठ, कधी संग्रहालय, कधी शेजारच्या गावाची सहल, असा साधारण क्रम असतो. वर्गात तुर्कस्तान, ब्राझील, कोरिया, इटली अशा ठिकठिकाणची मुलं असतात आणि सगळ्यांना इंग्रजी सारखंच येतं असं नाही. त्यामुळे जर्मन बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. कोर्साचं खरं बळ यातच आहे आणि आपण ते नेमकं घालवतो. विमानतळावरच दुसरा मराठी मुलगा भेटतो, खोली एकत्र घेतली जाते, रात्री वरणभात होतो, गप्पा मराठीत. नव्या देशात आपलं माणूस हवं, हे मी नाकारत नाही. पण जमलं तर हे चार आठवडे खोली वेगळी घ्या आणि वर्गात शेजारी बसू नका. रविवारी भेटा, पोटभर बोला.

रोज एक काम जर्मनमध्ये करायचं ठरवा. आज पाव घ्यायचा, उद्या सिमकार्डाची चौकशी, परवा ग्रंथालयाचं कार्ड. समोरचा माणूस तुमचा उच्चार ऐकून इंग्रजीत वळला, तर नम्रपणे सांगा की मी जर्मन शिकतो आहे, कृपया जर्मनमध्येच बोला. हे वाक्य जाण्याआधी पाठ करून जा. घरी आलेलं कुठलंही सरकारी पत्र फेकू नका. ते वर्गात घेऊन जा आणि शिक्षकांना विचारा. त्याहून चांगला धडा पुस्तकात नसतो.

विद्यापीठात जोडीदाराची सोय असते, तिला ‘टँडेम’ म्हणतात. तुम्ही त्याला तुमची भाषा शिकवायची, त्यानं तुम्हाला जर्मन. आपली मुलं तिथं ‘इंग्रजी शिकवीन’ असं लिहितात. मराठी आणि हिंदीही लिहा. हायडेलबेर्गला १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे. तिथले प्राध्यापक ग्युंथर सोन्थायमर मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर हिंडले, ओव्या ऐकल्या आणि १९७६ मध्ये बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावर जर्मनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. उचगावहून हुपरीच्या रस्त्यानं पुढं गेलं की पट्टणकोडोलीचा बिरदेव आहे. त्या देवाची भंडाऱ्याची यात्रा तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल, तर जोडीदाराला सांगण्यासारखं तुमच्याकडे पुष्कळ आहे. ते जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न करा, मोडकंतोडकं का होईना.

कागद, पैसा, तारखा

उन्हाळी कोर्सासाठी जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजे ‘डाड’, शिष्यवृत्ती देते. तिची मुदत आदल्या वर्षाच्या डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, हे बहुतेकांना मार्चमध्ये कळतं. पदवीच्या विद्यार्थ्याची दोन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. कोर्स किमान १८ दिवसांचा आणि आठवड्याला किमान २५ तासिकांचा असावा लागतो. अगदी नवशिक्यांसाठी ही शिष्यवृत्ती नाही, भाषेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. इथंही तेच सूत्र : आधी इथं शिका.

उन्हाळी कोर्स आपल्या कॉलेजच्या ऐन सत्रात येतो. तेव्हा विभागप्रमुखांची लेखी परवानगी आधीच घ्या, हजेरीचं बोलून ठेवा. कोर्सानंतर श्रेयांक मिळतात का, ते इथं धरले जातील का, हेही जाण्याआधी विचारा. गौरी-गणपतीला घरी नसाल, त्याची मनाची तयारी ठेवा.

नव्वद दिवसांपर्यंतच्या कोर्साला शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासविमा किमान ३० हजार युरोचा लागतो. तिथं पदवीला किंवा मास्टर्सला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी : त्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या केंद्राचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि वर्षाच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. अर्ज करायच्या दिवशी ताजा आकडा तपासा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सत्रापूर्वीचा कोर्स करायचा असेल, तर विद्यापीठाकडून मिळणाऱ्या पत्रात त्या कोर्साची सुरुवातीची तारीख लिहून घ्या आणि व्हिसाच्या अर्जाला ते पत्र जोडा. नाहीतर व्हिसा सत्राच्या तारखेपासून मिळतो आणि कोर्स हातचा जातो.

खर्च मांडताना फक्त फी धरू नका. खोलीचं भाडं, विमा, तिकीट, व्हिसा आणि महिनाभराचं खाणं एका कागदावर लिहा. काही विद्यापीठं प्रवेश घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना सत्रापूर्वीचा कोर्स स्वस्तात किंवा फुकट देतात. प्रवेशाचं पत्र आलं की त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करून विचारा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावोगावी जर्मनचं नाव निघतंय. ती वाट नोकरीची आहे, परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशांसाठी. विद्यापीठाच्या कोर्साशी तिची गल्लत करू नका. आणि ‘तीन महिन्यांत बी२, नोकरीची हमी’ असा फलक दिसला, तर वरचा तासिकांचा हिशोब त्यांच्यापुढं मांडा. बी२ ला ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज सुट्टी न घेता सहा तासिका केल्या, तरच तीन महिन्यांत त्यातल्या साडेपाचशेच्या आसपास होतात, आणि घरी करायचा अभ्यास वेगळाच. अशा ठिकाणी वर्षाची फी एकदम भरू नका.

पुढच्या उन्हाळ्यात जायचं मनात असेल, तर क्रम असा लावा : या महिन्यात ए१ चा वर्ग सुरू करा, पासपोर्ट नसेल तर त्याचा अर्ज याच आठवड्यात भरा, आणि डाडची मुदत घरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.